‘सर्वांत चांगले’ एकच नसते तेव्हा

सायकल विकत घ्यायला तुम्ही दुकानात गेला आहात असे समजा. सायकल स्वस्त हवी आणि हलकीही हवी, कारण शाळेच्या वाटेवर चढ आहे. दुकानदाराने पाच सायकली पुढे मांडल्या. अ ही ५,००० रुपयांची, वजन १८ किलो. ब ९,००० रुपयांची, १६ किलो. क १०,००० रुपयांची, १७ किलो. ड ११,००० रुपयांची, १२ किलो. आणि ई १३,००० रुपयांची, १४ किलो. (हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, दुकानात नेमके हेच मिळतील असे नाही.) यांतली सर्वांत चांगली सायकल कोणती?

क आणि ई यांचा निकाल लगेच लागतो. क पेक्षा ब स्वस्तही आहे आणि हलकीही. मग क कोण घेईल? त्याचप्रमाणे ई ला ड दोन्ही बाबतींत हरवते. उरल्या अ, ब आणि ड. यांच्यातल्या कोणत्याही दोन शेजारी ठेवून पाहा. एक किमतीत सरस, तर दुसरी वजनात सरस. कोणीच कोणाला दोन्ही बाबतींत हरवू शकत नाही. अशा पर्यायांना आपण ‘अपराजित’ म्हणू. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर किंमत आणि उभ्या अक्षावर वजन घेऊन हे पाच बिंदू मांडा. अपराजित बिंदू डावीकडून उजवीकडे उतरत गेलेल्या रांगेत दिसतील. या रांगेला पॅरेटो सीमा म्हणतात. व्हिल्फ्रेदो पॅरेटो (१८४८–१९२३) हा इटालियन विद्वान शिक्षणाने अभियंता. आधी रेल्वेत नोकरी केली आणि पुढे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. एकाचे नुकसान केल्यावाचून दुसऱ्याचा फायदा करता येत नाही अशी स्थिती कोणती, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. आपल्या अ, ब, ड सायकलींची गोष्ट तीच आहे.

‘पण एक काहीतरी निवडायला नको का? वजनाला किंमत लावा, बेरीज करा, जिची बेरीज कमी ती घ्या,’ असे कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल. करून पाहू. एक किलो वजन म्हणजे ‘र’ रुपये असे धरले, तर अ ची बेरीज ५,००० + १८र, ब ची ९,००० + १६र आणि ड ची ११,००० + १२र. ब ने अ ला हरवायचे तर २र हे ४,००० पेक्षा मोठे हवे, म्हणजे र २,००० पेक्षा मोठा. ब ने ड ला हरवायचे तर ४र हे २,००० पेक्षा लहान हवे, म्हणजे र ५०० पेक्षा लहान. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या होणे शक्य नाही! र ची कोणतीही किंमत घ्या, ब कधीच पहिली येणार नाही. आणि तरीही, ज्याच्या खिशात १०,००० रुपयेच आहेत आणि ज्याला चढ चढायचा आहे, त्याच्यासाठी ब हीच योग्य सायकल आहे. बेरजेच्या रीतीने ती त्याच्या नजरेसच पडली नसती. आलेखावर अ आणि ड यांना जोडणारी सरळ रेषा काढा. ब तिच्या वरच्या बाजूला आहे. सीमा जिथे अशी फुगलेली असते, तिथले पर्याय बेरजेला दिसत नाहीत. ही उणीव भूमितीचीच आहे, हिशेब करणाऱ्याच्या चुकीची नाही.

सायकलीपुरते हे सोपे झाले. आता कोयना धरणाचे पाणी घ्या. ते पश्चिमेला वळवले की सह्याद्रीच्या उतारावरून जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली उतरते आणि भरपूर वीज मिळते. पूर्वेला नदीत सोडले तर पायथ्याशी थोडी वीज होते, पण मुख्यतः खालच्या शेतीची तहान भागते. याशिवाय पावसाळ्यात धरण लवकर भरून घेतले तर उन्हाळ्याची निश्चिंती होते. परंतु ऑगस्टमध्ये मोठा पाऊस झाला तर पुराचे पाणी अडवायला जागा उरत नाही. सांगली आणि कोल्हापूर यांनी २०१९ साली पूर काय असतो ते पाहिले आहे. वीज, शेती, पूर अशी ही तीन उद्दिष्टे एकमेकांशी भांडणारी आहेत. इथे बेरीज करायची तर आधी ठरवावे लागेल की किती युनिट वीज म्हणजे पाण्यात गेलेले एक घर. हा आकडा कोणी ठरवायचा? माझ्या मते, असा आकडा हिशेबाच्या पोटात लपवून ठेवण्यापेक्षा सगळे अपराजित पर्याय उघडपणे टेबलावर मांडणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

मात्र ते पर्याय शोधायचे कसे? वर्षाचे दहा-दहा दिवसांचे ३६ भाग पाडले आणि प्रत्येक भागात किती पाणी सोडायचे याचे केवळ १० पर्याय ठेवले, तरी वर्षाची वेळापत्रके होतात १ वर ३६ शून्ये इतकी. सेकंदाला एक अब्ज वेळापत्रके तपासणारा संगणक लावला, तरी त्याला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या दोनशे कोटी पटींहून जास्त वेळ लागेल. सगळे तपासणे हा मार्ग बंद झाला. इथे जीवशास्त्र पदार्थविज्ञानाच्या मदतीला येते.

वाऱ्याच्या बोगद्यातली पट्टी

१९६४ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेखेनबर्ग आणि हान्स-पाउल श्वेफेल हे तरुण अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होते. सहा तुकडे पाच बिजागऱ्यांनी जोडून केलेली एक पट्टी त्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात बसवली. प्रत्येक बिजागरी ५१ निरनिराळ्या कोनांत ठेवता येत असे. म्हणजे पट्टीचे एकूण आकार ५१ चा पाचवा घात, ३४,५०,२५,२५१. वाऱ्याला कमीत कमी विरोध करणारा आकार कोणता, हे शोधायचे होते. उत्तर तुम्हालाही सांगता येईल: सपाट पट्टी. उत्तर माहीत असलेले गणित त्यांनी मुद्दामच घेतले होते, कारण परीक्षा पट्टीची नव्हती, रीतीची होती.

सुरुवातीला पट्टी वेडीवाकडी, करवतीच्या दात्यांसारखी मुडपलेली ठेवली. मग बिजागऱ्यांचे कोन यदृच्छेने थोडे थोडे बदलले आणि विरोध मोजला. विरोध कमी झाला तर नवा आकार ठेवायचा; वाढला तर टाकून देऊन पुन्हा जुन्याकडे यायचे. बस्स, इतकेच. लहान बदल वारंवार आणि मोठे बदल क्वचित, एवढी एक खबरदारी. साडेचौतीस कोटी आकारांपैकी काही शे तपासून होतात न होतात, तोच पट्टी जवळजवळ सपाट झाली.

पुढे श्वेफेलने याच रीतीने एका तोटीचा आतला आकार शोधला. निरनिराळ्या छिद्रांच्या कड्या एकापुढे एक रचून ती तोटी केलेली होती आणि त्यामुळे तिचा आकार हवा तसा बदलता येई. शेवटी जी तोटी मिळाली ती मध्येच फुगलेली, मध्येच आवळलेली अशी होती. कागदावर असा आकार काढण्याचे धाडस कोणा अभियंत्याने केले नसते.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी यात आणखी एक गोष्ट आणली. त्यांचे याविषयीचे पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले. हॉलंड यांच्या रीतीत एकच उमेदवार नसतो, पुरी एक पिढी असते. आपले धरणाचे वेळापत्रक म्हणजे ३६ अंकांची माळ. ते झाले त्याचे गुणसूत्र. अशा शंभर माळा घ्यायच्या, प्रत्येकीची कसोटी लावायची आणि चांगल्या निघतील त्यांच्या जोड्या लावायच्या. एका माळेचे पहिले १४ अंक व दुसरीचे उरलेले २२ जोडले की अपत्य तयार होते. हा झाला संकर. अधूनमधून एखादा अंक उगाच बदलायचा, ते उत्परिवर्तन. नव्या पिढीची पुन्हा कसोटी, पुन्हा निवड, पुन्हा संकर. पावसाळ्याची सोडवणूक एका ‘पालका’ला चांगली जमली आणि उन्हाळ्याची दुसऱ्याला, तर दोन्ही गुण एका अपत्यात येण्याची संधी असते.

या रीतीला ‘उत्क्रांतीची रीत’ म्हणतात खरे, पण नावाने फसू नका. निसर्गातल्या उत्क्रांतीपुढे कोणतेही ठरवलेले उद्दिष्ट नसते. इथे उद्दिष्ट आपण ठरवतो. म्हणून ही रीत रानापेक्षा शेताला अधिक जवळची आहे. भरदार कणसे बियाण्यासाठी बाजूला काढणारा ज्वारीचा शेतकरी हेच करतो. डार्विननेही १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाची सुरुवात रानटी प्राण्यांपासून केलेली नाही. माणसाने पाळलेल्या प्राण्यांपासून आणि वनस्पतींपासून केली आहे. आणि पशुपालकाला आपली आजची अडचणही ठाऊक असते: खिलार बैलाची चपळाई आणि काटकपणा जपत आलेल्या खिलार जातीच्या गाई दुधाला मात्र बेताच्याच राहिल्या.

अनेक उद्दिष्टे, एक पिढी

उद्दिष्ट एकच असेल तर संपूर्ण पिढी शेवटी एका उत्तराकडे गोळा होते. उद्दिष्टे अनेक असतील तर आपल्याला एक उत्तर नकोच आहे. सगळी सीमा हवी आहे. पिढीत शंभर उमेदवार असतातच, तर ते सीमेवर पसरून उभे का करू नयेत? १९८५ साली डेव्हिड शॅफर या अमेरिकन संशोधकाने हा प्रयत्न केला. पिढीतला एक गट पहिल्या उद्दिष्टावर निवडायचा, दुसरा दुसऱ्यावर, अशी ती रीत होती. तिच्यात टोकाचे उमेदवार तगत आणि मधले, दोन्हीकडे बरे असलेले, मागे पडत.

यावरचा सर्वांत गाजलेला उपाय आपल्या देशात तयार झाला. आय. आय. टी. कानपूरचे प्रा. कल्याणमय देब आणि त्यांचे तीन सहकारी यांनी २००२ साली ‘एन. एस. जी. ए.–२’ नावाची रीत प्रसिद्ध केली. जगभर अभियंते ती वापरतात. तिच्यातल्या दोन कल्पना आपल्या सायकलींवर समजावून घेता येतील.

पहिली कल्पना प्रतवारीची. पाच सायकलींतल्या अपराजित अ, ब, ड यांना पहिली प्रत द्या आणि बाजूला ठेवा. उरलेल्यांत, म्हणजे क आणि ई यांत, कोण अपराजित? क स्वस्त आहे, ई हलकी आहे, दोघीही. त्यांना दुसरी प्रत. उमेदवार जास्त असतील तर असेच थरामागून थर सोलत जायचे. निवड करताना वरची प्रत आधी. यात कुठेही रुपये आणि किलो यांची बेरीज करावी लागली नाही, हे लक्षात घ्या.

दुसरी कल्पना गर्दीची. एकाच प्रतीच्या उमेदवारांपैकी काहींनाच जागा असेल तर कोणाला ठेवायचे? ज्याचे शेजारी दूर आहेत त्याला. आलेखावर जिथे बिंदूंची दाटी झाली आहे तिथले काही गेले तरी नुकसान नाही. पण एकटा उभा असलेला बिंदू गेला तर सीमेला भगदाड पडते. रेल्वेच्या डब्यात जो एकटा बसला आहे त्यालाच बक्षीस, असा हा उलटा न्याय आहे! त्यामुळे पिढी सीमेवर पसरून राहते. शिवाय पालक आणि अपत्ये एकत्र करून त्यांतली सरस निम्मी पुढे नेतात, म्हणून सापडलेले चांगले उत्तर हरवत नाही.

या रीतीलाही मर्यादा आहेत. सापडलेली सीमा खऱ्या सीमेच्या जवळ आली असेल, पण ती अगदी तीच आहे अशी हमी मिळत नाही. दुसरी अडचण उद्दिष्टांच्या संख्येची. कोणतेही दोन उमेदवार घेतले आणि प्रत्येक उद्दिष्टात कोण सरस हे नाणे उडवल्यासारखे असेल असे मानले, तर दोन उद्दिष्टे असताना पहिल्याने दुसऱ्याला पूर्णपणे हरवण्याची शक्यता १/४ असते. उद्दिष्टे दहा झाली की ती १/१०२४ होते. म्हणजे जवळजवळ सगळेच अपराजित ठरतात आणि प्रतवारीला काही अर्थ राहत नाही. यावर २०१४ साली देब आणि हिमांशू जैन यांनी सुधारित रीत सुचवली; सीमेवर कुठे कुठे उत्तरे हवीत याच्या खुणा आधीच ठेवायच्या आणि प्रत्येक खुणेजवळ उमेदवार राखायचा.

सीमा हाती आली तरी निवड राहतेच. ती माणसाने करायची. ‘पुराचा धोका याहून जास्त आम्हाला चालणार नाही, पण वीज थोडी सोडायला तयार आहोत,’ असे धरणाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की संगणक सीमेच्या तेवढ्याच भागात पुन्हा बारकाईने शोध घेऊ शकतो. मग अधिकारी पुन्हा पाहतात, पुन्हा सांगतात. पुष्कळदा माणसाला आपल्याला काय हवे हे पर्याय पाहिल्यावरच कळते. साडीच्या दुकानात आई काय करते ते आठवा.

माणूस स्वतःच कसोटी

काही ठिकाणी तर उद्दिष्ट आकड्यात मांडताच येत नाही. १९८६ साली रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या एका पुस्तकात संगणकावरचा एक खेळ वर्णन केला. पडद्यावर फांद्या फुटलेल्या आकृती येत. प्रत्येक आकृती नऊ ‘जनुकां’नी, म्हणजे नऊ संख्यांनी ठरलेली. खेळणाऱ्याने आवडेल ती निवडायची. तिचीच थोडी बदललेली अपत्ये पुढच्या फेरीत येणार. काही पिढ्यांत किड्यांसारख्या आकृती दिसू लागल्या. इथे गुण देणारे सूत्र कुठेच नव्हते, नुसता डोळा होता.

खेळ वाटला तरी याचा उपयोग गंभीर कामात झाला. गुन्हा पाहिलेल्या साक्षीदाराला पोलीस विचारतात, नाक कसे होते? डोळे कसे होते? बिचाऱ्याला सांगता येत नाही. तुमच्या वर्गातल्या मित्राचे नाक शब्दांत सांगून पाहा, म्हणजे त्याची अडचण कळेल. आपण चेहरा अवयव मोजून ओळखत नाही, सबंध चेहरा एकदम ओळखतो. म्हणून १९९१ साली अमेरिकेत क्रेग कॉल्डवेल आणि व्हिक्टर जॉन्स्टन यांनी वर्णन विचारण्याऐवजी चेहरेच ‘पैदा’ करण्याची रीत मांडली. पुढे ब्रिटनमध्ये ‘इव्होफिट’ नावाची अशी पद्धत तयार झाली आणि पोलिसांनी ती वापरली. प्रत्येक चेहरा काही संख्यांनी लिहिलेला असतो. पडद्यावर १८ चेहरे येतात. साक्षीदार त्यांतल्या त्यात जवळचे वाटतील ते निवडतो, त्यांचा संकर होतो, नवे चेहरे येतात. ‘सांगता येत नाही, पण पाहिले की कळते’ या माणसाच्या शक्तीचाच इथे उपयोग केला आहे. कानाच्या यंत्राचा आवाज वापरणाऱ्याला सुखाचा वाटेल असा जुळवून देण्यासाठीही जपानमध्ये हिदेयुकी ताकागी यांनी अशीच रीत वापरून पाहिली. कोणता आवाज बरा हे ऐकणाऱ्यानेच सांगायचे.

संगणक हजारो पिढ्या न थकता तपासतो. माणूस मात्र दहा-वीस फेऱ्यांत कंटाळतो आणि मग कसेतरी बोट ठेवू लागतो. साक्षीदाराच्या बाबतीत धोका याहूनही मोठा. इतके चेहरे पाहता पाहता मूळची आठवण पुसट होऊ शकते, आणि असा चेहरा पाहून निरपराध माणूस पकडला गेला तर? म्हणून हे चित्र शोधाला दिशा देण्यापुरते आहे, पुरावा म्हणून नाही. फेऱ्या कमी आणि प्रत्येक फेरीत पर्याय मोजके ठेवण्यासाठी संशोधकांची सारी धडपड चालू असते, ती याच कारणाने.

वर्गात करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने दोन तासिकांत होणारा हा प्रयोग आहे. कागदाचे भिरभिरे तुम्हाला माहीत असेल: वर दोन पाती, खाली दांडी, दांडीला एक टाचणी. त्याचे तीन अंक ठरवा: पात्याची लांबी, पात्याची रुंदी आणि दांडीची लांबी, सर्व सेंटिमीटरमध्ये. उद्दिष्टे दोन: जमिनीवर पोचायला जास्तीत जास्त वेळ लागावा आणि कागद कमीत कमी लागावा. चिठ्ठ्या टाकून आठ भिरभिऱ्यांचे अंक ठरवा व ती कापा. प्रत्येक भिरभिरे एकाच उंचीवरून तीनदा सोडा आणि वेळांची सरासरी घ्या. आलेखावर वेळ आणि कागदाचे क्षेत्रफळ मांडून अपराजित भिरभिरी शोधा. त्यांच्या जोड्या लावून अंकांची अदलाबदल करा. मग प्रत्येक अपत्यासाठी फासा टाका. सहा पडले तर एक अंक एक सेंटिमीटरने वाढवा, एक पडले तर कमी करा. अशा चार पिढ्या करा, प्रत्येक पिढीचे बिंदू वेगळ्या रंगात दाखवा, आणि अपराजितांची रांग कोणत्या कोपऱ्याकडे सरकते ते पाहा. एखादे भिरभिरे फिरलेच नाही तरी फेकू नका. त्याचाही वेळ मोजून मांडा. घड्याळ मोबाईलमधले चालेल, पण ते दाबणारा विद्यार्थी सगळ्या पिढ्यांत एकच ठेवा आणि प्रयोग चालू असताना वर्गातला पंखा बंद करायला विसरू नका.